हेल्मेट होतं, तरी कपाळ फुटलं: ऊस हंगामातल्या एका सायकल अपघाताचा अभ्यास

मुख्याध्यापकांच्या टेबलावर निळं सायकलचं हेल्मेट आणि समोर मुलीचे वडील. त्यांचा प्रश्न सरळ होता : "पोरीच्या डोक्यावर हेल्मेट हुतं की ओ सर, मग कपाळ कसं फुटलं?" त्याच आठवड्यात पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत सायकलवरून येणाऱ्या सगळ्या मुलांना हेल्मेट सक्तीचं करण्याचा ठराव यायचा होता. वडिलांना उत्तर न देता ठराव रेटला असता, तर दुसऱ्या दिवशी गावात एकच चर्चा झाली असती : हेल्मेटचा काही उपयोग नसतो.

मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या रस्त्यांवर हंगामात जे वारंवार दिसतं, ते एका अपघातात बांधून हे प्रकरण उभं केलं आहे. म्हणून मुलीचं, शाळेचं आणि गावाचं नाव इथे नाही.

काय घडलं

मुलगी नववीतली. घर मळ्यात, शाळा साडेचार किलोमीटरवर. डिसेंबर महिना, सकाळचे पावणेसात, नदीकडच्या बाजूला धुकं. सांगली-आष्टा रस्त्याला जाऊन मिळणारा आतला डांबरी रस्ता, रुंदी पावणेचार मीटर. मागून उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर आला. भरलेली ट्रॉली रस्त्याचा सव्वादोन मीटर तरी खाते, शिवाय बाजूने उसाची टोकं बाहेर आलेली असतात. उरलेल्या जागेत सायकल आणि ट्रॉली शेजारी-शेजारी जाणं कागदावर जमतं, रस्त्यावर नाही. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लावलेली, त्यामुळे घंटी वाजवून काही होणार नव्हतं. मुलीने शहाणपणाने सायकल डावीकडे साइडपट्टीवर उतरवली.

इथेच घोळ झाला. या रस्त्यावर डांबराचे थर एकावर एक चढले, पण साइडपट्टीवर त्या मापाने मुरूम पडला नाही. डांबराची कड मातीपासून ८ सेंटिमीटर उंच. चाक खाली उतरलं, काळ्या मातीच्या फुफाट्यात थोडं चाललं. ट्रॉल्या पुढे गेल्यावर तिने सायकल पुन्हा वर घ्यायला हँडल किंचित उजवीकडे वळवलं. कड उंच असली आणि चाक तिला जवळजवळ समांतर चालत असलं, की टायर कडेवर चढत नाही, कडेला घासत राहतो. हँडल वळलेलं, चाक अडलेलं, आणि शरीराचा तोल मात्र उजवीकडे गेलेला. सायकल आडवी होते ती नेहमी डांबराच्या बाजूला. त्यात जेवणाच्या डब्याची पिशवी हँडलला लटकवलेली होती, तिच्या हेलकाव्याने उरलंसुरलं काम केलं. वेग ताशी ८-१० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा. मागची ट्रॉली पुढे निघून गेली होती, एवढं नशीब.

उजव्या भुवईच्या वर चार सेंटिमीटरची जखम, उजवा तळहात सोललेला. वस्तीवरची एक बाई धावत हळद घेऊन आली. मागून येणाऱ्या दूधवाल्याने हळद लावू दिली नाही, धुतलेला रुमाल जखमेवर दाबून धरला. हेच बरोबर. कपाळाची जखम खूप वाहते, पण दहा मिनिटं न उचलता दाबून धरली तर बहुतेक वेळा रक्त आटोक्यात येतं. हळद, चहापूड, तंबाखू यांनी जखम मळते आणि टाके घालणाऱ्याला ती आधी धुवत बसावं लागतं. सांगलीत दवाखान्यात पाच टाके पडले. वाटेत एकदा उलटी झाल्यामुळे डॉक्टरांनी रात्रभर नजरेखाली ठेवलं. डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, न उठवता येणारी झोप, असंबद्ध बोलणं, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, कानातून किंवा नाकातून पाणी येणं यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही. हिच्या बाबतीत तसं काही झालं नाही. आठवडाभर डोकं जड होतं आणि तेवढे दिवस पीटीच्या तासाला तिला बसवून ठेवलं.

टेबलावरचं हेल्मेट

हेल्मेट मोठ्या भावाचं. आतल्या लेबलवर माप ५८ ते ६२ सेंटिमीटर. भुवईच्या दोन बोटं वरून टेप फिरवून मोजलं तर मुलीच्या डोक्याचा घेर भरला ५३. कपाळाकडची गादी गळून गेलेली. मागची आवळायची चकती फिरायची, पण आतला दाता तुटल्यामुळे पकडत नव्हती. कानाखाली पट्ट्या जिथे एकत्र येतात ते क्लिप घसरून हनुवटीजवळ आलेलं. बक्कल लावलेलं असताना हनुवटी आणि पट्टा यांत चार बोटं सहज जात होती.

आणि एक गोष्ट, जी हेल्मेटच्या माहितीपत्रकात सापडणार नाही : दोन वेण्या, रिबिनी लावून दुमडून कानामागे वर बांधलेल्या. हेल्मेटची मागची पकड डोक्याच्या मागच्या फुगीर हाडाच्या खाली बसायला हवी. इथे ती वेण्यांच्या गाठींवर बसली होती. पकड नीट बसली नाही की हेल्मेट डोक्यावर सरकतं.

वडिलांसमोरच एका शिक्षकांनी ते हेल्मेट मुलीच्या मापाच्या दुसऱ्या मुलीला घालून कपाळाकडून तळहाताने मागे ढकललं. हेल्मेट सरकत थेट केसांच्या रेषेच्या मागे गेलं. प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. हेल्मेट डोक्यावर होतं, कपाळावर नव्हतं.

पण तेवढ्यावर थांबलं असतं तर अन्याय झाला असता. हेल्मेटच्या उजव्या कडेला, वरचं पातळ कवच चेपलेलं होतं. आतून बोट फिरवल्यावर फोममध्ये तीन सेंटिमीटर लांबीचा, पाच-सहा मिलिमीटर खोल दबलेला भाग लागला. म्हणजे कपाळ आपटल्यावर डोकं बाजूला वळलं, आणि दुसरा ठोका कानाच्या वर, कानशिलाच्या बाजूला बसला, तो हेल्मेटने घेतला. तिथलं हाड डोक्यातल्या सगळ्यात पातळ हाडांपैकी असतं आणि त्याच्या आतून मोठी रक्तवाहिनी जाते. कपाळाला पाच टाके पडले ते माप चुकल्यामुळे. कानशिलावर काही झालं नाही, ते चुकीच्या मापाच्या हेल्मेटनेही थोडं काम केल्यामुळे.

ठोका कुठे जातो

सायकलचं हेल्मेट ट्रॉलीला टक्कर देण्यासाठी बनलेलं नाही. ते बनलंय डोकं उंचावरून जमिनीवर येण्यासाठी. युरोपच्या ईएन १०७८ मानकात हेल्मेट सपाट पृष्ठभागावर सेकंदाला ५.४२ मीटर वेगाने आपटतात. हा वेग म्हणजे बरोबर दीड मीटरवरून सोडलेल्या वस्तूचा वेग, ताशी साडेएकोणीस किलोमीटर. सायकलवर बसलेल्या नववीतल्या मुलीचं डोकं जमिनीपासून जवळपास तेवढ्याच उंचीवर असतं. अमेरिकेचं सीपीएससी मानक सपाटवर दोन मीटरची उंची धरतं.

"मी काय जोरात चालवतो का?" या नेहमीच्या सवालाचं उत्तर इथे आहे. सायकल सावकाश असली तरी डोकं खाली येण्याचा वेग कमी होत नाही. जाग्यावर उभ्या सायकलवरून पडलेल्या माणसाचं डोकंही त्याच वेगाने आपटतं. दुधाचे कॅन अडकवून, गांधी टोपी घालून रोज सांगलीला जाणाऱ्या आजोबांनाही हाच नियम लागू आहे.

हिशेब सोपा आहे. पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. उघडं डोकं डांबरावर आपटलं तर कातडी आणि हाड मिळून समजा तीन मिलिमीटरमध्ये थांबतं. १५०० भागिले ३, म्हणजे सरासरी ५०० जी, गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेपट. त्याच डोक्याखाली २० मिलिमीटर दबणारा फोम आला तर १५०० भागिले २०, म्हणजे ७५ जी. प्रत्यक्षात धक्क्याचा शिखरबिंदू सरासरीच्या बराच वर जातो, ईएन १०७८ मधली २५० जी ही कमाल मर्यादा त्या शिखराची आहे. फोम म्हणजे आपला थर्माकोलच, पण घट्ट घनतेचा. टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल अंगठ्याने दाबला की खड्डा पडतो, हेल्मेटमधला सहज पडत नाही. एकदा दबला की तो पुन्हा फुगत नाही. म्हणून एक मोठा ठोका बसलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी बाद. भावाकडून बहिणीकडे हेल्मेट जाताना हा प्रश्न कुणी विचारत नाही : यावर कधी पडला होतास का?

काय होत नाही, तेही सांगायला हवं. जबडा, दात, नाक उघडेच राहतात. मान वाचत नाही. भरलेली ट्रॉली अंगावरून गेली तर हेल्मेटचा काही संबंध उरत नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला, त्यात अपघात झालेल्या सायकलस्वारांमध्ये हेल्मेट असलेल्यांना डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. हा आकडा पडल्यानंतरचा आहे. पडणं टाळायचं काम रस्त्याचं, ब्रेकचं आणि ट्रॅक्टरवाल्याचं.

माप, पट्टा आणि वेण्या

शाळेत सगळ्यात जास्त वेळ यावर गेला, आणि तो जायलाच हवा होता. शिवणकामाचा टेप घेऊन विज्ञानाच्या तासाला सायकलवरून येणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याचा घेर मोजला. अंदाजाने 'मीडियम' मागवणं म्हणजे पैसे पाण्यात. कंपन्यांची मापं एकमेकांशी जुळत नाहीत, एकीचं मीडियम ५४ पासून सुरू होतं तर दुसरीचं ५२ पासून. त्यामुळे नावावर न जाता लेबलवरचे सेंटिमीटर बघायचे. "वाढत्या अंगाचं" म्हणून दोन मापं मोठं घेणं गणवेशाला चालतं, इथे नाही.

घालताना आधी चकती पूर्ण सैल करायची. हेल्मेट सपाट ठेवायचं, पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं. मुलांना ते 'बावळट' दिसतं म्हणून ती मागे सरकवतात, तेवढंच कपाळ उघडं पडतं. मग चकती आवळायची, इतकी की बक्कल न लावता खाली वाकलं तरी हेल्मेट पडू नये. पट्ट्यांची क्लिपं दोन्ही कानांच्या बरोबर खाली, मागची-पुढची पट्टी कानाभोवती इंग्रजी व्ही अक्षरासारखी. शेवटी बक्कल, आणि हनुवटीखाली जेमतेम एक बोट जाईल एवढी जागा. तोंड मोठं उघडून जांभई दिली की हेल्मेट वरून डोक्यावर दाबल्याचं जाणवलं पाहिजे. नाही जाणवलं तर पट्टा सैल आहे. मग तळहाताने पुढून मागे आणि मागून पुढे ढकलून बघायचं. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर हलली तर बरोबर, हेल्मेट कातडीवरून घसरलं तर पुन्हा पहिल्यापासून.

वेण्यांचा तोडगा मुलींनीच काढला. वेण्या मानेजवळून, कानाच्या पाळीच्या खाली सुरू करायच्या, दुमडलेली गाठ खांद्याच्या वर. वर बांधलेला पोनी किंवा अंबाडा हेल्मेटखाली चालत नाही. तोंडाला ओढणी गुंडाळायची असेल तर ती हेल्मेटच्या बाहेरून, आणि टोकं खोचलेली. मोकळं टोक मागच्या चाकात गेलं तर ओढणी मान ओढते, त्यापुढे डोक्याचा विचार करायला वेळ उरत नाही. घामासाठी पातळ सुती रुमाल आतून सपाट चालतो, पण मागे गाठ नको.

तेलाचं काय? रोज चपचपीत तेल लावलेल्या केसांवर गाद्या घसरतात आणि त्यांची चिकटपट्टी सुटते. या हेल्मेटची कपाळाकडची गादी बहुधा अशीच गेली. दर आठवड्याला गाद्या काढून अंगाच्या साबणाने धुवून सावलीत वाळवायच्या. पेट्रोल, थिनर, रॉकेल लावायचं नाही, थर्माकोल त्याने विरघळतो. ऑइल पेंटने नाव लिहायचा उत्साहही आवरायचा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या सायकल स्टँडखाली उन्हात हेल्मेट लटकवून ठेवलं तर कवच फुगून सुटतं, ते वर्गात बाकाखाली न्यायचं.

घरातलं मोटारसायकलचं हेल्मेट चालेल का, असं बऱ्याच पालकांनी विचारलं. ते १२०० ते १५०० ग्रॅमचं असतं, सायकलचं २५० ते ३५० ग्रॅमचं. पाय मारून तापलेल्या, घामेघूम मुलाच्या मानेवर सव्वा किलो वजन आणि कान बंद. मागून येणारा ट्रॅक्टर ऐकू येणं सायकलवाल्यासाठी आरशासारखं असतं. रस्त्याकडेला मिळणारी 'टोपी' हेल्मेटं तर पोलिसाला दाखवण्यापुरती असतात. सायकलचं चांगलं हेल्मेट हजार रुपयांच्या आसपास सुरू होतं. घेताना आतल्या लेबलवर मानकाचा क्रमांक, माप, वजन आणि बनवल्याचा महिना-वर्ष हवं. यातलं काहीच नसेल तर तो खेळण्याचा माल.

सक्ती की नाही

कायदा या बाबतीत गप्प आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ मोटारसायकलला लागू आहे, सायकल मोटार वाहन नाही. परदेशातही एकमत नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये, न्यूझीलंडने १९९४ मध्ये सगळ्यांना सक्ती केली. स्वीडनमध्ये २००५ पासून ती पंधरा वर्षांखालच्यांनाच आहे. नेदरलँड्समध्ये साध्या सायकलला सक्ती नाही, रोज सायकल चालवणारे बहुतेक लोक उघड्या डोक्याने जातात, कारण तिथे सायकलचा रस्ताच वेगळा. आपल्या साडेचार किलोमीटरला तसा रस्ता नाही, तेव्हा नेदरलँड्सचं उदाहरण देऊन हात झटकता येत नाहीत.

बैठकीत सक्तीच्या बाजूने बोलणारे जास्त होते. ठराव अडला तो एका आईच्या बोलण्यावर : "हेल्मेट नाही म्हणून गेटवरनं परत पाठवलं, तर उद्या थोरला तिला गाडीवर ट्रिपल सीट सोडणार बघा." सांगलीच्या ग्रामीण भागात सायकलला पर्याय चारचाकी नसतो. पर्याय असतो भावाची मोटारसायकल, नाहीतर लायसन्स नसलेल्या मुलाच्या हातातली स्कूटी. सायकल सोडून मूल त्यावर बसलं, तर सक्तीने धोका वाढवला असं होईल. आमच्या मते या बैठकीतलं सगळ्यात वजनदार म्हणणं हेच होतं. सक्तीचा प्रश्न हेल्मेट चांगलं की वाईट हा नाहीच, हेल्मेट नसलेलं मूल शाळेत कशावर येणार हा आहे.

ठरलं ते असं. गेटवर अडवायचं नाही. हेल्मेट शाळेने घ्यायची, तीन मापांत, आणि पुस्तक पेढीसारखी वर्षभरासाठी द्यायची. साठ सायकलींसाठी ११०० रुपयांप्रमाणे ६६,००० रुपये. निम्मे माजी विद्यार्थी देणार, उरलेल्यांपैकी पालकांनी झेपेल तेवढे द्यायचे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर पाच मिनिटं तळहाताची चाचणी, दहावीच्या मुलांनी पाचवी-सहावीची करायची. पडलेलं हेल्मेट परत करणाऱ्याला शिक्षा नाही, लगेच दुसरं मिळणार. ही अट महत्त्वाची. शिक्षा ठेवली तर मुलं ठोका बसलेली हेल्मेटं लपवतील. लहान भावंडांना एक वेगळी ताकीद : खाली उतरलं की हेल्मेट काढायचं. झाडावर चढताना फांदीत हेल्मेट अडकलं तर पट्टा गळ्याला फास लावतो. याच कारणाने लहान मुलांसाठी ईएन १०८० हे वेगळं मानक आहे, त्यात जोर आला की बक्कल आपोआप सुटतं.

रस्त्यासाठी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाला अर्ज गेला : साइडपट्टीवर डांबराच्या पातळीपर्यंत मुरूम आणि दबाई. साखर कारखान्याच्या शेती विभागाला दुसरा : ट्रॉल्यांच्या मागे-बाजूला परावर्तक पट्ट्या, आणि सकाळी साडेसहा ते सव्वासात या रस्त्यावर गाण्यांचा आवाज बंद. अर्जांचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मुलांना तोपर्यंतची रीत शिकवली. मागून ट्रॉली आली की आधीच थांबायचं, डावीकडे उतरून पाय टेकायचा, दोन्ही ट्रॉल्या गेल्याची खात्री करायची, आणि सायकल हाताने उचलून डांबरावर घ्यायची. चालत्या सायकलवरून कड चढायची नाही. रस्त्यावर चिरडलेली उसाची कांडकी आणि वाडं (उसाचे हिरवे शेंडे) दिसलं तर त्यावर ब्रेक दाबायचा नाही, चाक साबणासारखं सटकतं. डब्याची पिशवी हँडलला नाही, कॅरिअरला.

ते निळं हेल्मेट वडिलांनी परत मागितलं नाही. हॅक्सॉ ब्लेडने उभं कापून दोन तुकडे केले, दबलेला फोम दिसेल अशी एक फाक विज्ञानाच्या कपाटात ठेवली. मुलीला ५२ ते ५६ मापाचं मिळालं. रिबिनी अजून लालच आहेत, फक्त गाठ मानेपाशी खाली आली आहे.